पुठ्ठ्याचे माथेरान

दिवाळीच्या सुट्टीत किल्ला केला नाही असा मुलगा किंवा मुलगी महाराष्ट्रात शोधावी लागेल. दगड रचायचे, त्यावर पोते टाकायचे, मातीचा चिखल थापायचा, अळीव पेरायचे आणि गेरू-चुन्याने बुरूज रंगवायचे, हा दरवर्षीचा थाट. परंतु आठवी-नववीत गेले की बरेच जण हा उद्योग सोडून देतात. ‘आता आपण मोठे झालो’ असे वाटू लागते. खरे तर किल्ला नीट करण्याची वेळ याच वयात येते. आता तुम्हांला गुणोत्तर व प्रमाण कळते, भूगोलात समोच्च रेषा शिकवलेल्या असतात आणि प्रकाशाचे विकिरण म्हणजे काय हेही ठाऊक असते. हे सारे हाताशी घेऊन पुन्हा एकदा डोंगर करायला बसू या. यावेळचा डोंगर मात्र मनातला नसेल. तो असेल कर्जत तालुक्यातला खराखुरा माथेरानचा डोंगर, मोजून-मापून केलेला आणि मोजून-मापूनच रंगवलेला.

रंगही मोजायचा, हे वाचून नवल वाटेल. ते कसे ते पुढे येईलच. आधी डोंगर उभा करू.

प्रमाण कोणते घ्यावे?

पुण्याच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयात छोट्या आगगाड्या धावताना तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. त्या साधारण १:८७ या प्रमाणात केलेल्या आहेत. नेरळ ते माथेरान हा लोहमार्ग सुमारे २० किलोमीटर लांबीचा आहे. तो सबंध १:८७ या प्रमाणात करायचा म्हटले, तर नुसती लांबी सुमारे २३० मीटर होईल. शाळेचे मैदानही पुरणार नाही. म्हणजे गाडी दाखवायची असेल तर एक प्रमाण आणि डोंगर दाखवायचा असेल तर दुसरे.

आपण १:१०,००० हे प्रमाण घेऊ. प्रतिकृतीवरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे १०० मीटर आणि १ मिलिमीटर म्हणजे १० मीटर. हे प्रमाण निवडण्याचे कारण सोपे आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० या प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटर उंचीचे अंतर असते. आपल्या प्रमाणात २० मीटर म्हणजे बरोबर २ मिलिमीटर, आणि २ मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा बाजारात सहज मिळतो. एक समोच्च रेषा, एक पुठ्ठा!

नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटर उंचीवर आहे, तर माथेरानचे पठार सुमारे ८०० मीटरवर. फरक ७६० मीटरांचा. म्हणजे पुठ्ठ्याचे ३८ थर लागतील आणि प्रतिकृतीची उंची भरेल ७.६ सेंटिमीटर. नेरळ स्टेशन व माथेरान स्टेशन दोन्ही सामावतील असा सुमारे ७ किलोमीटर लांबी-रुंदीचा चौरस घेतला, तर पाट होईल ७० सेंटिमीटर बाजूचा.

इथे बहुतेकांचा हिरमोड होतो. ‘एवढासा डोंगर? दिवाळीचा किल्ला तर गुडघ्याएवढा होत असे!’ मग मोह होतो की उंची तिप्पट करावी. तो मोह आवरा. कारण उंची तिप्पट केली की प्रत्येक उतार खोटा बोलू लागतो. समजा, खऱ्या डोंगराचा एक उतार १५ अंशांचा आहे. त्यावर माणूस सहज चालतो, गुरे चरतात. उंची तिप्पट केली की तोच उतार जवळजवळ ३९ अंशांचा होतो आणि पाहणाऱ्याला तिथे चढणे अवघड वाटते. छापील नकाशात किंवा प्रदर्शनातल्या प्रतिकृतीत अशी उंची वाढवलेली असेल तर ते तसे लिहायला हवे. आपण ती वाढवणारच नाही.

थर रचणे

नकाशावरचा १४ सेंटिमीटर बाजूचा चौरस पाचपट मोठा करायचा आहे. त्यावर १ सेंटिमीटरचे चौकोन आखा आणि मोठ्या कागदावर ५ सेंटिमीटरचे चौकोन आखून एकेका चौकोनातली रेषा तशीच उतरवा. या कामाला घाई चालत नाही. चार जणांनी चार भाग वाटून घेतल्यास दोन-तीन दिवसांत होते.

मग कार्बन कागदाने एकेक समोच्च रेषा पुठ्ठ्यावर उतरवा, कापा आणि खालून वर चिकटवत जा. सगळे थर भरीव असण्याची गरज नाही. वरचा थर टेकेल एवढा दोन-तीन सेंटिमीटरचा काठ ठेवून आतला भाग कापून घेतला, तर तोच पुठ्ठा वरच्या लहान थरांना उपयोगी पडतो. आत पोकळी राहील तिथे पुठ्ठ्याचे तुकडे टेकू म्हणून उभे करावे.

चिकटवताना एक गोष्ट लक्षात ठेवा. पुठ्ठा हा लाकडाच्या तंतूंचा बनलेला असतो. एका बाजूने ओला झाला की त्या बाजूचे तंतू फुगतात आणि पुठ्ठा वाकतो. म्हणून तळाच्या पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी पातळ फेव्हिकॉलचा हात द्या, पूर्ण वाळू द्या आणि प्रत्येक थर चिकटवल्यावर वर वह्या-पुस्तकांचे वजन ठेवा.

धागा सांगतो ती गोष्ट

थर वाळले की दोन मीटर लांबीचा काळा धागा घ्या. हा आपला लोहमार्ग. आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली तो १९०४ साली बांधायला घेतला गेला आणि १९०७ मध्ये सुरू झाला. त्याच्या दोन रुळांमधले अंतर फक्त ६१० मिलिमीटर आहे. आपल्या प्रमाणात ते होईल ०.०६ मिलिमीटर, म्हणजे साधारण डोक्याच्या केसाच्या जाडीइतके. तेव्हा रूळ दाखवण्याचा हट्ट सोडून धाग्यावर समाधान मानू.

नेरळ आणि माथेरान या दोन स्टेशनांमधले सरळ अंतर सहा-सात किलोमीटर, म्हणजे प्रतिकृतीवर ६५ ते ७० सेंटिमीटर आहे. मग दोन मीटरचा धागा कशाला? सरळ रेषेत गाडी नेली तर चढ सुमारे १:९ होईल, म्हणजे ९ मीटर पुढे जाताना १ मीटर वर. एवढ्या चढावर लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरेल. म्हणून मार्ग डोंगराला वळसे घालत लांबवला गेला. त्याचा सर्वांत तीव्र चढ १:२० आहे.

याची परीक्षा तुम्ही प्रतिकृतीवरच घेऊ शकता. चढ १:२० च्या पुढे जाऊ द्यायचा नसेल, तर एका पुठ्ठ्यावरून वरच्या पुठ्ठ्यावर चढताना, म्हणजे २ मिलिमीटर वर जाताना, धागा निदान ४० मिलिमीटर लांब असला पाहिजे. ३८ थरांना कमीत कमी १५२ सेंटिमीटर धागा लागेल. खरा मार्ग २०० सेंटिमीटरचा आहे, कारण वळणांवर आणि स्टेशनांपाशी इतका चढ चालत नाही. नकाशा न पाहता आधी स्वतः धागा लावून पाहा, मग खऱ्या मार्गाशी ताडून पाहा. जुम्मापट्टी, वॉटरपाइप, अमन लॉज ही स्टेशने तिथेच का आली, हे हाताला कळू लागेल.

दुरून डोंगर साजरे, पण का?

आता रंग. दिवाळीच्या किल्ल्याला आपण गडद हिरवा, भडक तांबडा रंग देत असू. तोच रंग इथे दिला तर मोजून केलेला डोंगर एकदम खेळण्यासारखा दिसू लागतो. रंग चुकीचा नसतो. झाडाचे पान तोडून आणून त्याच्याशी तंतोतंत जुळवलेला असला, तरीही तो खोटा वाटतो. याचे कारण काय?

प्रतिकृती आपण साधारण ६० सेंटिमीटर अंतरावरून पाहतो. १:१०,००० या प्रमाणात हे अंतर होते ६ किलोमीटर. म्हणजे आपण डोंगर सहा किलोमीटरांवरून पाहत आहोत. तेव्हा रंगही सहा किलोमीटरांवरून दिसतो तसाच हवा. कर्जत स्टेशनाच्या पुलावर उभे राहून माथेरानच्या रांगेकडे पाहा. अंतर सुमारे दहा किलोमीटर आहे. झाडी तीच, पण हिरवी दिसते का? ती निळसर-करडी दिसते.

डोंगरावरून निघालेला प्रकाश डोळ्यापर्यंत येताना वाटेतल्या हवेच्या रेणूंमुळे थोडा विखुरला जातो आणि त्याचा जोर कमी होतो. त्याच वेळी सूर्याचा प्रकाश याच हवेवर पडून विखुरतो आणि त्यातला काही आपल्या डोळ्यांत शिरतो. लॉर्ड रॅले यांनी १८७१ साली दाखवून दिले की, हे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा चौपटीहून अधिक विखुरतो. म्हणून आपण आणि डोंगर यांच्यामध्ये जणू निळसर पडदा धरला जातो. उन्हाळ्यात हवेत धूळ व बाष्प असते. त्यांचे कण मोठे असल्याने सगळेच रंग सारखे विखुरतात आणि पडदा पांढुरका होतो. पावसाची सर थांबली की धूळ धुऊन जाते, पडदा विरळ होतो आणि डोंगर एकाएकी जवळ आल्यासारखा वाटतो.

हा पडदा प्रतिकृतीवर आपणच चढवायचा. तो किती, हे ठरवण्यासाठी एक प्रयोग करा. करड्या पुठ्ठ्याला रुपयाच्या नाण्याएवढे भोक पाडा. पोस्टर रंगांत पांढरा आणि किंचित निळा वाढत्या प्रमाणात मिसळून आठ-दहा कागदी पट्ट्या रंगवा. पुठ्ठा हात लांब करून धरा, भोकातून डोंगराचा तुकडा पाहा आणि कडेला एकेक पट्टी लावून कोणती जुळते ते पाहा. सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच अशा तीन वेळा नोंद करा. भोकातून पाहण्याचे कारण असे की, ‘हे झाड आहे, म्हणजे हिरवेच असणार’ असे मन सांगत असते. भोकातून झाड दिसत नाही, नुसता रंग दिसतो.

आणखी एक मोजमाप. निरोगी डोळ्याला साधारण एक कलेच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या कोनाइतके बारीक दिसते. सहा किलोमीटरांवर तो कोन म्हणजे सुमारे पावणेदोन मीटर, आणि प्रतिकृतीवर ०.१७ मिलिमीटर. याहून बारीक काही रंगवत बसणे व्यर्थ. दहा मीटरचे झाड १ मिलिमीटरचे होते. ते ठिपक्याने दाखवावे, पानांच्या नादी लागू नये.

तीन हात

रंगकाम तीन हातांत करायचे. प्रत्येक हाताचे काम वेगळे आहे.

पहिला हात अस्तराचा. कड्यांना करडा, पायथ्याच्या उतारांना मातकट हिरवा, पठाराला तांबूस. माथेरानचा डोंगर दख्खनच्या काळ्या कातळाचा, बेसाल्टचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून तो बनला. माथ्यावर मात्र जांभ्याचा थर आहे आणि तिथली तांबडी माती त्याचीच. तिचा रंग लोहाच्या ऑक्साइडांमुळे येतो. गेरूचा तांबडा रंगही लोहाच्या ऑक्साइडाचाच! म्हणजे माथेरानच्या वाटा गेरूने रंगवताना आपण नक्कल करत नसून जवळपास तोच पदार्थ वापरत आहोत. गेरूची पूड नुसती पाण्यात कालवली तर वाळल्यावर बोटाला लागते. रंगद्रव्याला धरून ठेवणारा बंधक हवा, म्हणून त्यात थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल घाला.

दुसरा हात पातळ रंगाचा. काळ्या-तपकिरी रंगाचा एक भाग आणि पाण्याचे दहा भाग घ्या. त्यात साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाका आणि हा रंग डोंगरभर सोडा. घळी, कपारी, पुठ्ठ्यांच्या खाचा यांत तो केशाकर्षणाने ओढला जाईल आणि उंचवट्यांवरून ओसरेल. वाळल्यावर प्रत्येक खोलगट जागी सावली पडल्याचा भास होतो. साबण कशाला? पाण्याचा पृष्ठीय ताण जास्त असतो, त्यामुळे रंगवलेल्या गुळगुळीत पृष्ठावर त्याचे थेंब होतात. साबणाने तो ताण कमी होऊन पाणी पसरते. सावल्या रंगवण्याची गरजच काय, असे कोणी विचारील. प्रतिकृती उन्हात ठेवली तर सावल्या आपोआप, अगदी प्रमाणात पडतील. पण वर्गात प्रकाश खिडक्यांतून, दिव्यांतून, चहूबाजूंनी येतो आणि सावल्या पुसून टाकतो. त्या आपण परत देतो.

पातळ रंगाचे डबके मात्र साचू देऊ नका. चहाचा थेंब टेबलावर वाळला की त्याची कड गडद दिसते ना? डबक्याची कड लवकर वाळते, तिची भरपाई करायला मधले पाणी कडेकडे वाहते आणि बरोबर रंगाचे कणही घेऊन जाते. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ साली हे स्पष्ट केले. जादा रंग कोरड्या कुंचल्याने टिपून घ्या.

तिसरा हात कोरड्या कुंचल्याचा. फिका रंग कुंचल्याला लावा आणि जुन्या वर्तमानपत्रावर तो जवळजवळ पुसून टाका. कागदावर ठसा उमटेनासा झाला की कुंचला कड्यांवरून आडवा, हलक्या हाताने फिरवा. केस फक्त उंच कडांना टेकतात आणि तेवढाच रंग तिथे राहतो. कातळाच्या धारा एकदम उजळतात. पहिल्या वेळी रंग जास्त लागतो. म्हणून आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सराव करावा.

चित्रपटांच्या सेटवरचे रंगारीही याच युक्त्या वापरतात. कर्जत-चौक परिसरात नितीन देसाई यांनी २००५ साली उभारलेल्या एन. डी. स्टुडिओत ‘जोधा अकबर’साठी आग्र्याचा किल्ला उभा राहिला होता. अशा सेटवरची दगडी भिंत बहुधा प्लायवूड आणि प्लास्टरची असते. खाचेत गडद आणि धारेवर फिका रंग दिला की तिला दगडाचे वजन येते.

महिना कोणता?

रंगवण्याआधी आणखी एक गोष्ट ठरवा. प्रतिकृती कोणत्या महिन्याची? मे महिन्यात पायथ्याचा साग उघडा असतो, भातखाचरे तपकिरी असतात आणि राब भाजल्याचे काळे चौकोन दिसतात. जुलैत सगळे पोपटी, तर ऑक्टोबरात कापणीला आलेले भात सोनेरी. पठारावरचे जंगल मात्र बाराही महिने हिरवे. मे महिन्यासाठी वाळवलेला चहाचा चोथा उतारावर भुरभुरावा आणि हिरव्या झाडीसाठी चाळलेला, रंगवलेला लाकडाचा भुसा वापरावा. एकाच प्रतिकृतीत मे आणि जुलै मिसळू नका.

रंगाखाली काय लपते?

आता शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट. हिरवा रंग फार सोयीचा असतो. तो सगळीकडे फासला की डोंगर सुंदर दिसतो, पण कुठला उतार सौम्य आणि कुठला धोक्याचा हे दिसेनासे होते. म्हणून अस्तर देण्याआधी पट्टीने मोजा. एका पुठ्ठ्याच्या कडेपासून वरच्या पुठ्ठ्याच्या कडेपर्यंतचे आडवे अंतर ११ मिलिमीटर असेल तर उतार सुमारे १० अंश, ५.५ असेल तर २० अंश, ३.५ असेल तर ३० अंश आणि २ असेल तर ४५ अंश. जिथे अंतर ३.५ हून कमी भरेल तिथे पेन्सिलीने खूण करा आणि त्या पट्ट्याला वेगळी छटा द्या. मग त्या पट्ट्याच्या लगेच खाली कोणती घरे आहेत, कुठून लोहमार्ग जातो, ते पाहा. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत माथेरानचा मार्ग जागोजागी वाहून गेला होता आणि गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ साल उजाडले.

शेजारच्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावर इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात वरची दरड तिच्यावर कोसळली. २७ जणांचे मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. त्यांत तुमच्या वयाची मुलेही होती.

पुठ्ठ्याची प्रतिकृती दरड कधी कोसळेल हे सांगू शकत नाही. माती किती खोल आहे, कातळाला भेगा किती आहेत, एका रात्रीत पाऊस किती पडेल, यांतले काहीच तिच्यात नसते. त्यासाठी भूवैज्ञानिकाला प्रत्यक्ष जागेवर जावे लागते. पण कुठे जाऊन पाहायला हवे, एवढे ती सांगते. उंची तिप्पट केलेली किंवा सरसकट हिरवी फासलेली प्रतिकृती तेवढेही सांगत नाही. प्रमाण पाळण्याचा हट्ट धरायचा तो याचसाठी.

शिक्षकांसाठी

हा उपक्रम नववीच्या वर्गाला सहा-सात आठवडे पुरतो. भूगोल, गणित, पदार्थविज्ञान आणि चित्रकला या चारही तासांना तो विभागून घेता येतो. माथेरान झाल्यावर बोरघाट घ्यावा. १८५६ साली काम सुरू होऊन १८६३ साली खुला झालेला हा मूळ लोहमार्ग पळसदरीकडून वर चढताना सुमारे २५.५ किलोमीटरांत ५५८ मीटर उंची गाठत असे. त्याचा सर्वांत तीव्र चढ १:३७ होता. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली मरण पावले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ते कंत्राट पुरे करण्याची जबाबदारी घेतली, हेही मुलांना सांगावे.

करून पाहा, उत्तरे शोधा

१. बोरघाटाच्या मूळ मार्गाचा सरासरी चढ किती? आपल्या प्रमाणात त्याला किती लांब धागा लागेल?

२. प्रतिकृती १:२०,००० या प्रमाणात केली तर पुठ्ठा किती जाडीचा घ्यावा? रंगात पांढरा वाढवावा की कमी करावा?

३. अंधाऱ्या खोलीत प्रतिकृतीवर एका बाजूने विजेरीचा झोत टाका. सकाळी कोणत्या उतारावर ऊन पोचत नाही? तिथली झाडी वेगळी असेल का?

४. तुमच्या गावाजवळच्या टेकडीचा उतार नकाशावरून काढा. ३० अंशांहून तीव्र उताराच्या पायथ्याशी घरे आहेत का? असल्यास ती प्रतिकृती शाळेत न ठेवता ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेवा.